छायाचित्र-संस्करणाच्या साधनांची निवड

कॅमेऱ्याचे बटण दाबले म्हणजे छायाचित्र तयार झाले, ही समजूत छायाचित्रणाइतकीच जुनी आहे आणि ती कधीच पूर्णपणे खरी नव्हती. फिल्मच्या काळी बटण दाबल्यावर हाती येई ती केवळ एक अदृश्य प्रतिमा. ती रसायनात धुऊन तिची निगेटिव्ह करावी लागे. निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढताना कोठे प्रकाश अडवायचा, कोठे तो अधिक वेळ पडू द्यायचा, कोणत्या जातीचा कागद घ्यायचा, हे सारे डार्करूममधल्या लाल दिव्याखाली ठरे. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग झाकणारा, किंवा कृष्णधवल प्रतीवर हाताने रंग भरणारा कारागीर असे, आणि त्याच्या हातावर स्टुडिओची कीर्ती अवलंबून राही. आज ही सर्व कामे संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर होतात. साधने मात्र इतकी वाढली आहेत की, नव्याने कॅमेरा घेतलेल्या माणसाला कॅमेरा निवडण्यापेक्षा संस्करणाचे सॉफ्टवेअर निवडणे अवघड वाटू लागले आहे.

या प्रकरणात ‘संस्करण’ हा शब्द योजला आहे, त्याचा खुलासा करणे आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘एडिटिंग’ या शब्दाला मराठीत ‘संपादन’ हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु वृत्तपत्राच्या कचेरीत संपादन म्हणजे मुख्यतः निवड आणि काटछाट. छायाचित्राच्या बाबतीत निवड ही एक क्रिया, आणि निवडलेल्या चित्रावर प्रकाश व रंग यांचे संस्कार करणे ही दुसरी. या दोन क्रिया वेगळ्या आहेत हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल. सॉफ्टवेअर, प्लगइन, लेयर हे शब्द व्यवहारात रुळलेले असल्याने तसेच ठेवले आहेत.

बहुतेक नवशिके ही निवड उलट्या टोकाकडून सुरू करतात. एखाद्याचे सुंदर छायाचित्र पाहावे, ते कोणत्या सॉफ्टवेअरने ‘केले’ आहे याची चौकशी करावी, ते मिळवावे, त्यावर कोणता प्लगइन चढविला होता हे शोधावे आणि तोही घ्यावा, असा हा क्रम असतो. चार महिन्यांनी संगणकावर सात साधने जमा झालेली असतात आणि त्यांपैकी एकही नीट येत नसते. वास्तविक, कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारावयास हवेत. माझ्या मूळ चित्राचे हे काय करते? आणि उद्या हे साधन मी सोडले, किंवा याने मला सोडले, तर माझ्या कामाचे काय होईल? रंग किती खुलतात, आकाश किती गडद होते, हे प्रश्न त्यानंतरचे.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळून येईल. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोमधील हर्नान्डेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे छायाचित्र घेतले. मावळतीचे ऊन दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवरून सरत होते; एकदा बटण दाबून होते तोच ते ऊन गेले आणि हाती एकच निगेटिव्ह राहिली. पुढील काही दशके ॲडम्स त्या एका निगेटिव्हवरून प्रती काढीत राहिले. आरंभीच्या प्रतींत आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. उत्तरकाळातील प्रतींत तेच आकाश जवळजवळ काळेभोर झालेले आहे. दृश्य एक, निगेटिव्ह एक, परंतु छायाचित्रकाराची दृष्टी बदलली तशी प्रत बदलत गेली. हे शक्य झाले, कारण हे सर्व प्रयोग कागदावर झाले. अपवाद एकच. निगेटिव्हचा खालचा, खेड्याचा भाग फार पातळ उतरला होता. १९४८ साली ॲडम्स यांनी तेवढा भाग रसायनात बुडवून त्याची घनता वाढविली. ही क्रिया परत फिरविता येण्यासारखी नव्हती. हात चुकता तर ते छायाचित्र जगाच्या पाठीवरून नाहीसे झाले असते. या धाडसापूर्वी त्यांनी सात वर्षे जाऊ दिली, ही गोष्ट नवशिक्याने विसरू नये.

आजच्या कॅमेऱ्यातील निगेटिव्ह म्हणजे रॉ फाइल. कॅमेरा जेपेग फाइल देतो ती त्याने स्वतःच्या पसंतीने धुऊन, रंग ठरवून, आवळून दिलेली प्रत असते. या दोहोंतील फरक आकड्यांत सांगता येतो. जेपेगमध्ये लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूवरील प्रकाशाची नोंद ४,०९६ पायऱ्यांवर होते, १४ बिटांच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्यांवर. यातही एक मेख आहे. संवेदक प्रकाश सरळ मोजतो, त्यामुळे उजेड निम्मा झाला की पायऱ्याही निम्म्या होतात. ४,०९६ पैकी २,०४८ पायऱ्या सर्वांत उजळ भागाच्या वाट्याला जातात, त्याखालच्या स्टॉपला १,०२४, मग ५१२, २५६, १२८ अशी उतरंड लागते. सावलीत बसलेल्या आजीचा चेहरा पडद्यावर उजळ करू लागताच तो दाणेदार व मळकट का दिसू लागतो, याचे एक कारण या उतरंडीत आहे. मुळातच तेथे माहिती थोडी. रॉ फाइलमध्ये ती थोडी तरी असते. जेपेग करताना कॅमेऱ्याने तीतलीही बरीच गाळलेली असते. म्हणून ज्याला संस्करण शिकायचे आहे त्याने रॉ फाइल घ्यावी आणि ती उघडणारे सॉफ्टवेअर निवडावे. अलीकडच्या अनेक मोबाइल फोनमध्येही अशी फाइल घेण्याची सोय असते.

रॉ फाइलवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची तऱ्हा निराळी आहे. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कॅप्चर वन ही या कुळातील नावे. ही साधने मूळ फाइलला हात लावीत नाहीत. आपण प्रकाश वाढविला, रंगाची ऊब बदलली, कडा कापल्या, तर या सर्व क्रिया सूचनांच्या रूपाने निराळ्या लिहून ठेवल्या जातात, आणि प्रत काढतेवेळी त्या सूचनांनुसार नवी फाइल तयार होते. ॲडम्स यांचा कागद आणि निगेटिव्ह यांतील भेद येथे आपोआप पाळला जातो. दुसरे कूळ फोटोशॉप आणि गिंप यांचे. ही साधने चित्राच्या एकेका बिंदूवर काम करतात. विजेची तार पुसणे, दोन चित्रे जोडणे, फाटलेल्या जुन्या छायाचित्राची दुरुस्ती करणे, चित्रावर अक्षरे घालणे ही त्यांची कामे. लेयर वापरून येथेही मूळ चित्र जपता येते, परंतु ती शिस्त वापरणाऱ्याने स्वतः पाळावी लागते. ‘सेव्ह’चे बटण निष्काळजीपणे दाबले तर मूळ चित्र गेलेच.

नवशिक्याने पहिल्या कुळातील एक साधन आधी घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फोटोशॉपचे नाव सर्वांत अधिक ऐकलेले असते, म्हणून पुष्कळ जण तेथूनच सुरुवात करतात आणि शेकडो आज्ञांच्या गर्दीत गोंधळून जातात. एका लग्नसमारंभाहून सहाशे छायाचित्रे घेऊन आलेल्या माणसाचे पहिले काम एखादा डाग पुसणे हे नसते. सहाशेंतून चाळीस निवडणे हे असते. चित्रे भराभर पाहणे, दोन जवळपास सारखी चित्रे शेजारी ठेवून तुलना करणे, तारे देणे, नको ती बाजूला काढणे, यांची सोय लाइटरूम व डार्कटेबल यांत आहे. रॉथेरपीमध्ये ती मर्यादित आहे. चित्रांचा मोठा संग्रह लावून ठेवण्यासाठी तिच्या जोडीला डिजीकॅमसारखे साधन घेता येते. कॅमेरा उत्पादकांच्या स्वतःच्या साधनांकडे मात्र विनाकारण दुर्लक्ष होते. कॅनन आपल्या ग्राहकांना डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर विनामूल्य देते, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ २०२१ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेले रंग या साधनांत सहसा जसेच्या तसे उघडतात. पहिले तीन महिने एवढ्यावर सहज निघू शकतात.

आता दुसरा प्रश्न. साधनाने आपल्याला सोडण्याचे प्रसंग कल्पनेतले नाहीत. ॲपलने २००५ साली ॲपर्चर हे छायाचित्रकारांसाठीचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. ज्यांनी त्यावर आपले संग्रह रचले त्यांत नावाजलेले व्यावसायिक होते. जून २०१४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबविल्याचे जाहीर केले, आणि २०१९ च्या मॅक प्रणालीवर ते चालेनासे झाले. लोकांच्या मूळ फायली शाबूत होत्या. परंतु कोणत्या चित्राचा प्रकाश किती वाढविला, कोणता रंग कसा बदलला, या वर्षानुवर्षांच्या सूचना ज्या भाषेत लिहिल्या होत्या ती भाषा दुसऱ्या सॉफ्टवेअरला अवगत नव्हती. गूगलच्या पिकासा या विनामूल्य आणि घरोघरी पोहोचलेल्या साधनाची कथा २०१६ साली अशीच संपली.

साधन बंद न पडताही त्याच्या अटी बदलू शकतात. टॉमस नोल आणि त्यांचे बंधू जॉन नोल यांनी घडविलेले फोटोशॉप अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून वीस वर्षांहून अधिक काळ ते एकदा पैसे मोजून कायमचे विकत घेता येत असे. मे २०१३ मध्ये कंपनीने नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे ठरविले. लाइटरूमची एकरकमी मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची. आज वर्गणी थांबली तर लाइटरूम क्लासिकमध्ये आपली चित्रे पाहता येतात, त्यांच्या प्रती बाहेर काढता येतात. मात्र संस्करणाचा विभाग बंद होतो. या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आहे. तथापि निष्पक्षपणे पाहता, नियमित काम करून पैसे मिळविणाऱ्याला ती परवडू शकते. वर्षातून दोन सहलींची चित्रे काढणाऱ्याला ती परवडू नये. निर्णय घेताना महिन्याचा आकडा न पाहता पाच वर्षांचा आकडा मांडून पाहावा, आणि तेवढ्या रकमेत एखादी चांगली लेन्स येते काय हेही पाहावे.

वर्गणी नको असलेल्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग आहे. गिंपचा जन्म १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला. स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिण्यास घेतले. डार्कटेबलची पहिली आवृत्ती २००९ ची. रॉथेरपी २०१० पासून मुक्त झाली. या साधनांचा संगणकीय पाठ सर्वांना खुला असल्यामुळे एखादी कंपनी बंद पडली म्हणून ती नाहीशी होत नाहीत. त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. डार्कटेबलमध्ये एकाच कामासाठी तीन-तीन विभाग आढळतात आणि कोणता वापरावा हे नवशिक्याला कळत नाही. गिंप दीर्घकाळ रंगाच्या प्रत्येक वाहिनीला आठच बिट देत असे. ही उणीव २०१८ च्या २.१० या आवृत्तीत दूर झाली. लागू केलेला परिणाम नंतर बदलता येण्याची सोय तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपर्यंत रखडली. शिवाय गिंप रॉ फाइल स्वतः उघडत नाही, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी सोबत ठेवावी लागते. ज्याच्यापाशी पैसा कमी आणि वेळ अधिक आहे त्याने हा मार्ग धरावा. याच्या मध्ये कोठेतरी ॲफिनिटी हे साधन आहे. २०१५ पासून ते एकरकमी किमतीत मिळत असे. २०२४ साली त्याची मालक कंपनी कॅनव्हाने विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते विनामूल्य केले. ग्राहकाचा यात लाभच झाला, हे खरे. परंतु दहा वर्षांत एकाच साधनाच्या मालकीत आणि किमतीत किती उलथापालथ होऊ शकते, याचेही ते उदाहरण आहे.

बाजारात, विशेषतः संगणक जुळवून देणाऱ्या दुकानांत, महागड्या सॉफ्टवेअरच्या कुलूप तोडलेल्या प्रती ‘घालून’ मिळतात. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी अशा प्रतीबरोबर काय काय संगणकात शिरते ते ठाऊक नसते, आणि ज्या डिस्कवर घरच्या लेकरांची चित्रे आहेत त्याच डिस्कवर ते वावरत असते. विनामूल्य आणि वैध साधने इतकी असताना हा धोका पत्करण्याचे कारण उरलेले नाही.

कामाच्या सूचना सॉफ्टवेअर कोठे ठेवते, हेही विचारून घ्यावे. डार्कटेबल आणि रॉथेरपी प्रत्येक चित्राशेजारी एक छोटी फाइल ठेवतात. चित्रांचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला की सूचनाही बरोबर जातात. लाइटरूम क्लासिक त्या एका मोठ्या कॅटलॉगमध्ये साठविते. तथापि त्या चित्राशेजारी लिहिण्याची सोय त्यातही आहे आणि ती चालू करून घ्यावी. तारे, शीर्षके व ओळखीचे शब्द हे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात बऱ्यापैकी नेता येतात. प्रकाश व रंग यांच्या सूचना क्वचितच नीट पोहोचतात. यावर उपाय साधा आहे. जी चित्रे खरोखर महत्त्वाची आहेत त्यांची संस्करण पूर्ण झालेली प्रत १६ बिटांच्या टिफ स्वरूपात काढून मूळ रॉ फाइलबरोबर ठेवावी. कोणतेही सॉफ्टवेअर राहो वा जावो, टिफ उघडता येतेच.

संगणकाच्या कुवतीचा हिशेबही करावयास हवा. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन रंग, प्रत्येक रंगाला १६ बिट म्हणजे दोन बाइट, तेव्हा एका लेयरसाठी सुमारे १४४ मेगाबाइट स्मृती लागते. असे दहा लेयर झाले की दीड गिगाबाइटच्या जवळ जातो. आठ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर ब्राउझर उघडा ठेवून हे काम करणारा माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. दोष बहुधा त्याचा नसतो. पडद्याचेही तसेच. स्वस्त लॅपटॉपचा पडदा मान थोडी कलती केली की काळ्याचा राखाडी दाखवितो. अशा पडद्यावर तोलून-मापून केलेले चित्र छपाईला गेले की काळवंडून येते, कारण पडद्याची झळाळी फार वाढवून ठेवलेली असते. म्हणून डोळ्यावर विसंबून न राहता हिस्टोग्राम वाचावयास शिकावे. प्रत कोणत्या रंगपद्धतीत हवी हे लॅबला आधीच विचारावे. बहुतेक ठिकाणी एसआरजीबी मागतात.

ज्यांना चित्रावर देवनागरीत काही लिहावयाचे असते, उदाहरणार्थ निमंत्रण, स्मरणिकेचे मुखपृष्ठ किंवा गावच्या जत्रेचे फलक, त्यांनी आणखी एक कसोटी लावावी. अक्षरांच्या चौकटीत ‘कीर्ती’, ‘क्षत्रिय’, ‘विठ्ठल’ हे शब्द टंकित करून पाहावेत. रफार योग्य अक्षरावर बसतो काय, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते काय, जोडाक्षर फुटते काय, हे तत्काळ कळते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ही अक्षरे फुटत आणि भारतीय लिप्यांसाठीची मांडणी पसंतीच्या यादीत जाऊन निवडावी लागे. गिंप युनिकोड देवनागरी सहसा बरोबर मांडते.

मुख्य साधन ठरल्यावर पूरक साधनांकडे वळावे, त्याआधी नव्हे. पूरक म्हणून बाजारात दोन प्रकारच्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांत गल्लत होते. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कोणत्यातरी चित्रासाठी ठरविलेल्या सूचनांचा जुडगा. त्यात नवी शक्ती काहीच नसते. तेच काम आपल्या सॉफ्टवेअरमधील पट्ट्या सरकवून करता येते. युरोपातील ढगाळ दुपारसाठी बेतलेला प्रीसेट आपल्याकडील वैशाखाच्या उन्हातल्या चेहऱ्यावर लावला म्हणजे चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. प्रीसेट विकत घेऊ नयेत. स्वतःच्या चित्रांवर काम करता करता जी मांडणी पुनःपुन्हा उपयोगी पडते ती साठवून ठेवावी, तोच आपला प्रीसेट.

प्लगइन ही खरी भर असते. तो स्वतंत्र लिहिलेला, परंतु मुख्य सॉफ्टवेअरच्या आश्रयाने चालणारा कार्यक्रम होय. दाणे घालविणे, कृष्णधवल रूपांतर, जुन्या फिल्मचा आभास अशी विशिष्ट कामे तो करतो. त्याचे वर्तन समजून घेतले पाहिजे. लाइटरूममधून चित्र अशा साधनाकडे पाठविले की रॉ फाइल तेथे जात नाही. तोवरचे सर्व संस्कार पक्के करून एक टिफ प्रत तयार होते आणि ती जाते. वर सांगितलेल्या हिशेबाने ही प्रत सुमारे १४४ मेगाबाइटची. मूळ रॉ फाइल मात्र साधारण २५ ते ३० मेगाबाइटची असते. शंभर चित्रे प्लगइनमधून काढली की डिस्कवर १४ गिगाबाइटची भर पडली. शिवाय नंतर मूळ चित्राचा प्रकाश बदलला तर तो बदल या प्रतीत उतरत नाही. म्हणून मुख्य सॉफ्टवेअरमधील काम पुरे झाल्यावरच प्लगइनकडे जावे.

प्लगइनच्या भवितव्याविषयी निक कलेक्शनचा इतिहास बोलका आहे. चित्रावर एक बिंदू ठेवून त्याच्या भोवतालचा तेवढाच रंग बदलण्याची त्यातील युक्ती छायाचित्रकारांना फार आवडे. गूगलने २०१२ साली निक सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली, मार्च २०१६ मध्ये तो संच सर्वांना विनामूल्य दिला आणि २०१७ च्या मे महिन्यात त्यात यापुढे सुधारणा होणार नाहीत असे कळविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील डीएक्सओ कंपनीने तो घेतला आणि २०१८ पासून तो पुन्हा पैसे देऊन मिळू लागला. याच मूळ कंपनीने २०११ साली काढलेले स्नॅपसीड हे मोबाइलवरील साधन मात्र गूगलकडेच राहिले, आणि फोनवर काम करणाऱ्या नवशिक्याला आम्ही आजही ते सुचवू. गिंपसाठी फ्रान्समधील काँ येथील ग्रेक प्रयोगशाळेत विकसित झालेला जीमिक हा प्लगइन विनामूल्य मिळतो आणि त्यात शेकडो परिणाम आहेत. त्यांतले बहुसंख्य एकदा गंमत म्हणून पाहण्याचे आहेत, परंतु काही कामाचे निघतात. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. यजमान बदलला की पाहुण्याची अडचण होते. गिंप ३.० आल्यावर जुन्या पद्धतीने लिहिलेले अनेक प्लगइन नव्याने लिहून होईपर्यंत निरुपयोगी ठरले.

आणखी एक गोष्ट अनुभवास येते. आज ज्या कामासाठी वेगळा प्लगइन विकत घ्यावा लागतो, ते काम उद्या मुख्य सॉफ्टवेअरच करू लागते. अनेक प्रकाशमात्रांची चित्रे एकत्र करून एक चित्र करण्यासाठी पूर्वी निराळे साधन घेत. २०१५ साली ती सोय लाइटरूममध्येच आली. दाणे घालविण्यासाठी यंत्रबुद्धीवर चालणारे प्लगइन मोठ्या किमतीला खपत होते. एप्रिल २०२३ मध्ये अडोबीने तशीच सोय आपल्या रॉ संस्करणात दिली. तेव्हा एखादी अडचण निदान वीस चित्रांत आली असेल आणि हातातील साधनाने ती सुटत नसेल, तरच प्लगइनचा विचार करावा. त्याआधी ज्या पूरक वस्तू घ्यावयाच्या त्या दुकानात वेगळ्या फळीवर असतात. एक बाह्य डिस्क, जमल्यास दोन; आणि पडद्याचा रंग मोजून तो ताळ्यावर आणणारे कॅलिब्रेटर हे छोटे यंत्र, जे दोघातिघांत मिळून घेता येते.

यंत्रबुद्धीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्या दुसऱ्या रूपाविषयीही सांगितले पाहिजे. मे २०२३ मध्ये फोटोशॉपच्या चाचणी आवृत्तीत, शब्दांनी वर्णन केलेली वस्तू चित्रात नव्याने निर्माण करण्याची सोय आली. दाणे घालविणे आणि नसलेला वृक्ष उभा करणे या दोन क्रिया एकाच पट्टीवरील दोन बटणांइतक्या जवळ आल्या. घरातील भिंतीवर लावावयाच्या चित्रात कोणी आकाश बदलले तर तो त्याचा प्रश्न. बातमीच्या चित्रात मात्र याची किंमत नोकरीने मोजावी लागते. २००६ साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या बैरूतच्या एका चित्रात बॉम्बहल्ल्यानंतरचा धूर क्लोन साधनाने वाढविल्याचे उघड झाले. संस्थेने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडला आणि त्याची ९२० चित्रे संग्रहातून काढून टाकली. ती सर्व खोटी होती असे नव्हे. एका चित्रावरून बाकीच्यांवरचा विश्वास गेला. ज्या नवशिक्याला वृत्तपत्राकडे, वन्यजीवनाच्या स्पर्धेकडे किंवा दस्तऐवजी छायाचित्रणाकडे जायचे आहे त्याने असे साधन निवडावे की, ज्यात केलेल्या प्रत्येक क्रियेची नोंद राहते आणि मूळ रॉ फाइल मागता क्षणी दाखविता येते. पहिल्या कुळातील साधने येथेही उपयोगी पडतात.

निवड पक्की करण्यापूर्वी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. बहुतेक सशुल्क सॉफ्टवेअर काही दिवस विनामूल्य वापरावयास मिळते. दुसऱ्याची सुंदर नमुनाचित्रे न घेता स्वतःची दहा सामान्य चित्रे घ्यावीत: पाठीमागे उजेड असलेला चेहरा, भर उन्हातले पांढरे धोतर किंवा साडी, झाडाच्या सावलीतली हिरवट झाक आलेली त्वचा, ट्यूबलाइटखालचे घर, समईच्या उजेडातला गाभारा, जेथे परवानगी असेल तेथे, धुके, पाऊस, वाकडे आलेले क्षितिज, एक जुने, पिवळे पडलेले कौटुंबिक छायाचित्र, आणि एक असे चित्र की जे फसलेच आहे. हीच दहा चित्रे प्रत्येक साधनात, एकेक संध्याकाळ देऊन, सुधारावीत. कोणत्या साधनात कोणते बटण कोठे आहे हे दुसऱ्या दिवशी न शोधता सापडते, याकडे लक्ष द्यावे. परिणामांच्या यादीपेक्षा त्यावरून अधिक कळते. फसलेले चित्र फसलेलेच राहिले तर त्याबद्दल सॉफ्टवेअरला गुण कमी देऊ नयेत.

शेवटी, दहाही चित्रांच्या पूर्ण झालेल्या प्रती बाहेर काढून ते सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकावे. मग मूळ फायली जागच्या जागी आहेत काय, तारे व शीर्षके दुसऱ्या साधनात वाचता येतात काय, काढलेल्या टिफ प्रती उघडतात काय, हे तपासावे. ही तपासणी मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी करावी. मुदत उलटल्यावर प्रती बाहेर काढण्याचे बटण चालेलच असे नाही.